त्रिमितीतील सदिशांची वजाबाकी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंगणघाटकडच्या एका गावात मी संध्याकाळी अकरावी-बारावीची शिकवणी घेतो. शेवटची एस.टी. यायच्या आधी दारात चपला घालता घालता पोरं जे विचारतात, ते मी एका जुन्या डायरीत टिपून ठेवतो. सदिश म्हणजे लांबी आणि दिशा दोन्ही असलेली राशी, बाणासारखी. त्या प्रकरणात बेरजेबद्दल कुणी फारसं विचारत नाही. वजाबाकीत मात्र दोन गोष्टी फिरून फिरून येतात : कशातून काय वजा करायचं, आणि हे मायनस कुठून आलं. त्या दोन प्रश्नांना इथे जास्त जागा दिली आहे, बाकीचे भराभर उरकले आहेत.

घटकरूपात सदिश वजा करायचे म्हणजे नक्की काय करायचं?

एक्स, वाय, झेड या तीन दिशांना सदिश किती जातो, ते तीन आकडे म्हणजे त्याचे घटक. म्हणून तीन साध्या वजाबाक्या. एक्स घटकातून एक्स, वायमधून वाय, झेडमधून झेड.

अ = (७, २, ५) आणि ब = (३, ६, १) असतील तर
अ − ब = (७ − ३, २ − ६, ५ − १) = (४, −४, ४)

आय, जे, के (एक्स, वाय, झेड अक्षांच्या दिशेचे १ लांबीचे सदिश) लावून लिहिलं तरी तेच : ४ आय − ४ जे + ४ के. प्रत्येक घटक आपापल्या घरचा. मधल्या २ मधून ६ जात नाहीत म्हणून शेजारच्या ७ कडून काही उसनं मागता येत नाही. तिथे −४ च लिहायचं. हे मुद्दाम सांगतो, कारण एका पोराने खरंच ७ चे ६ करून, २ चे १२ करून गणित सोडवलं होतं, आणि खाली ‘उसने घेतले’ असंही प्रामाणिकपणे लिहिलं होतं.

कशातून काय वजा करायचं, हेच आठवत नाही. अ − ब की ब − अ?

प्रश्न नीट वाचायचा. ‘अ वजा ब काढा’ असं सरळ विचारलं असेल तर अ − ब, विषय संपला. ‘बिंदू अ पासून बिंदू ब पर्यंतचा सदिश काढा’ असं असेल तर ब − अ. वाक्यात अ आधी येतो म्हणून हात आपोआप अ − ब लिहितो, तिथेच घात होतो. आमच्याकडे याचं सूत्र पोरांनीच केलं आहे : पोहोचलो वजा निघालो.

वावरातलं उदाहरण घेऊ. वावराचा नैऋत्य कोपरा, जिथे दोन धुरे (बांध) मिळतात, तो आरंभबिंदू. पूर्वेकडे एक्स, उत्तरेकडे वाय, आकाशाकडे झेड, सगळं मीटरमध्ये, जमीन सपाट. विहिरीतली मोटर (६, २०, −११) वर आहे, म्हणजे कोपऱ्यापासून ६ मीटर पूर्वेला, २० मीटर उत्तरेला आणि जमिनीच्या ११ मीटर खाली. गोठ्यावरच्या टाकीचं तोंड (१८, ४, ४) वर आहे. पाणी मोटरकडून निघतं आणि टाकीत पोहोचतं, म्हणून टाकी वजा मोटर :

(१८ − ६, ४ − २०, ४ − (−११)) = (१२, −१६, १५)

हे उत्तर वाचताही आलं पाहिजे. १२ मीटर पूर्वेला, १६ मीटर दक्षिणेला, १५ मीटर वर. वाय घटक उणे आला म्हणून घाबरायचं नाही. टाकी विहिरीच्या दक्षिणेला आहे, एवढाच त्याचा अर्थ. आणि सरळ अंतर हवं असेल तर √(१४४ + २५६ + २२५) = √६२५ = २५ मीटर.

म्हणजे पाईप २५ मीटर लागेल?

नाही. हा प्रश्न पुस्तकात नसतो, पण आमच्याकडे दरवर्षी कुणीतरी विचारतंच, आणि विचारावाच. २५ मीटर हे पाखराचं अंतर झालं. पाईप विहिरीतून ११ मीटर सरळ वर येतो, मग जमिनीवरून √(१४४ + २५६) = २० मीटर तिरपा गोठ्यापर्यंत जातो, मग ४ मीटर भिंतीने वर चढतो. एकूण ३५. मधून तिरपा न्यायचा नसेल, पऱ्हाटीच्या ओळी सोडून धुऱ्याधुऱ्याने न्यायचा असेल, तर आडवं अंतर १२ + १६ = २८ होतं आणि पाईप ४३ मीटरवर जातो.

यातला एक घटक दुकानातही कामी येतो. पंप घ्यायला गेलं की दुकानदार ‘हेड किती?’ म्हणून विचारतो. ते हेड म्हणजे मुख्यतः हा झेड घटक, १५ मीटर. विहिरीत पाणी मोटरच्या वर उभं असेल तर तेवढं कमी, पाईपमधल्या घर्षणाचं थोडं जास्त.

आता कबुली. आमच्या घरच्या विहिरीचं माप मीच घेतलं होतं. विहीर जमिनीपासून अकरा, टाकी जमिनीपासून चार; डोक्यात अकरातून चार गेले, राहिले सात. २० आडवे आणि ७ उभे म्हणून २७ मीटर धरले आणि सहा-सहा मीटरचे पाच पाईप बंडीत टाकून आणले. जोडत जोडत भिंतीपाशी आलो तर टाकी डोक्याच्या वर आणि हातातला पाईप संपलेला. सहावा आणायला मला परत तालुक्याला जावं लागलं. बाबा एवढंच म्हणाले, “पोरायले गणितच शिकवून राहिला नं तू?”

“सर, चारातून अकरा गेले तं उणे सात होते. हे पंधरा कुठून आले?”

माझी चूक आणि ही शंका एकाच घरातल्या. मोटरचा झेड घटक ११ नाही, −११ आहे. म्हणजे इथे दोन वजा चिन्हं आहेत आणि दोघांचं काम वेगळं आहे. पहिलं चिन्ह ‘वजा करा’ असं सांगतं, ते रीतीचं आहे. दुसरं त्या संख्येचं स्वतःचं आहे, ती जमिनीखाली असल्याची खूण. दोन्ही लिहायची, मध्ये कंस घालायचा : ४ − (−११) = ४ + ११ = १५.

पटत नसेल तर विहिरीच्या काठावर उभं राहून बघा. मोटर पायाखाली अकरा मीटर, टाकी डोक्याकडे चार मीटर. मोटरपासून टाकीपर्यंत चढायचं तर आधी अकरा चढून जमिनीवर यायचं आणि मग पुढचे चार. सात मीटर चढून माणूस अजून विहिरीतच असतो.

चिन्हांची दुसरी चूक यापेक्षाही जास्त वह्यांत सापडते. समजा गणित असं आहे :

(३ आय − २ जे + के) − (आय + ४ जे − ५ के)

पोरं दुसरा कंस काढून टाकतात आणि लिहितात ३ आय − २ जे + के − आय + ४ जे − ५ के. वजा फक्त पहिल्या आयला लागला, जे आणि के तसेच सुटले. उत्तर येतं (२, २, −४). बरोबर उत्तर (२, −६, ६) आहे. वजाबाकीचं चिन्ह कंसातल्या तिघांनाही लागतं. दारात उभा राहिलेला एकटाच मार खात नाही.

माझा सल्ला असा, आणि यावर माझं इतर शिक्षकांशी पटत नाही : निदान पहिले पंधरा दिवस आय, जे, के लिहूच नका. तीन घटक कंसात, स्वल्पविराम देऊन लिहा, दुसरा सदिश पहिल्याच्या बरोबर खाली घ्या आणि उभी वजाबाकी करा. हात बसला की मग आय, जे, के. तरीही चिन्ह चुकत असेल तर दुसऱ्या सदिशाची तिन्ही चिन्हं आधी उलटी करून वेगळ्या ओळीत लिहा आणि मग सरळ बेरीज करा. ओळ एक वाढते, चूक जाते.

एखादा घटक दिलेलाच नसेल तर?

तिथे शून्य आहे. ३ आय − ५ के म्हणजे (३, ०, −५). ते शून्य लिहा, मनात धरू नका. जे नसलेल्या सदिशातून जे असलेला वजा करताना तो जे बेपत्ता होतो, असं मी शेकडो वेळा पाहिलं आहे.

अ − ब आणि ब − अ यांत फरक किती?

लांबी तीच, दिशा बरोबर उलटी. टाकीकडून मोटरकडे आलात तर (−१२, १६, −१५), अंतर पुन्हा २५. म्हणून फक्त अंतर विचारलं असेल तर उलटी वजाबाकी खपून जाते आणि आपलं बरोबर आहे असा पोरांचा समज होतो. पुढच्या प्रश्नात दिशा किंवा एकक सदिश (त्याच दिशेचा, पण १ लांबीचा) विचारला की तीच सवय मार्क खाते.

आकृतीत वजाबाकी कशी दिसते?

दोन्ही सदिशांच्या शेपट्या एका ठिकाणी आणा. ज्याला वजा करायचं त्याच्या टोकापासून, ज्यातून वजा करायचं त्याच्या टोकापर्यंत बाण काढा. ब − अ साठी बाण अ च्या टोकातून निघतो आणि ब च्या टोकात शिरतो. गोंधळ झाला तर असं म्हणा : अ मध्ये काय मिळवलं की ब होईल? तो बाण. समांतरभुज चौकोन काढायची सवय असेल, तर बेरीज एक कर्ण आणि वजाबाकी दुसरा कर्ण. कागदावर त्रिमिती काढण्यात मात्र वेळ घालवू नका. खोलीचा एक कोपरा बघा. दोन भिंती आणि फरशी जिथे मिळतात तिथून तीन अक्ष निघतात.

नुसत्या लांब्या वजा केल्या तर चालणार नाही का?

नाही चालणार. अ = (३, ४, ०) आणि ब = (०, ०, ५) घ्या. दोघांची लांबी ५. लांब्यांची वजाबाकी ० येते. पण अ − ब = (३, ४, −५), आणि त्याची लांबी √५०, म्हणजे जवळपास ७.०७. तुमचं वावर गावापासून पाच किलोमीटर आणि तुमच्या मामाचंही पाच किलोमीटर, म्हणून दोघांची वावरं शेजारी-शेजारी होत नाहीत.

आरंभबिंदू मी दुसरीकडे धरला तर उत्तर बदलेल?

दोन्ही बिंदूंचे निर्देशक बदलतील, वजाबाकी तीच राहील. कोपऱ्याऐवजी (५, ८, ०) वर असलेल्या लिंबाच्या झाडापासून मोजू. मोटर आता (१, १२, −११), टाकी (१३, −४, ४). वजा करा : (१२, −१६, १५). तेच.

कारण सोपं आहे. आरंभबिंदू सरकवला की दोन्ही सदिशांतून सारखीच रक्कम जाते, आणि वजाबाकीत ती एकमेकांना कापून टाकते. उंचीचंही तसंच. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर, चिखलदरा सुमारे १,११८ मीटर. चढ साधारण ८०० मीटरचा, मग तो समुद्रापासून मोजा नाहीतर आपल्या अंगणापासून.

इथे एक आडवाट घेतो, कारण ती आमच्या गावावरून जाते. भारताची त्रिकोणी मोजणी १८०२ मध्ये मद्रासजवळ एक पायारेषा मोजून सुरू करणारा विल्यम लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. एक रेषा अचूक मोजायची, पुढे कोन मोजत त्रिकोणाला त्रिकोण जोडत उत्तरेकडे सरकायचं, अशी ती पद्धत होती. त्याच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्टने काम पुढे नेलं, आणि देशाच्या नकाशांसाठी आरंभबिंदू मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरला धरला गेला. तो दुसरीकडे धरला असता तर आकडे बदलले असते, हिंगणघाट आणि नागपूर यांच्यातलं अंतर बदललं नसतं. सदिशांची वजाबाकी त्या काळी या नावाने नव्हतीच, पण आरंभबिंदूचा प्रश्न हाच होता.

बोअरवाले खोली खाली मोजतात. झेड अक्ष खालच्या दिशेने धन धरला तर?

खुशाल धरा, फक्त दोन्ही बिंदूंना तोच नियम लावा. बोअरची खोली खाली धन आणि टाकीची उंची वर धन, असं एकाच गणितात घेतलं की माझा सहावा पाईप झाला म्हणून समजा. दुसरी भानगड एककांची. बोअर फुटात, वावर मीटरमध्ये, आणि काही ठिकाणी अजून हातात मोजतात. १ मीटर म्हणजे ३.२८ फूट, आधी सगळं एका एककात आणा, मग वजा करा.

मोबाईलवरचे अक्षांश-रेखांश थेट वजा करता येतील का?

वजा होतील, पण उत्तर अंशात येईल, मीटरमध्ये नाही. शिवाय दोन्ही अंश सारखे नाहीत. अक्षांशाचा १ अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचा १ अंश विषुववृत्तावर तेवढाच असतो आणि ध्रुवाकडे आखडत जातो. आपल्याकडे २०-२१ अक्षांशावर तो सुमारे १०४ किलोमीटर भरतो. दोन वावरांच्या अक्षांशात ०.००२ आणि रेखांशात ०.००२ फरक असेल तर उत्तर-दक्षिण सुमारे २२२ मीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे २०८ मीटर. असं मीटरमध्ये आणलं की पुढे नेहमीसारखे घटक. मोबाईल दाखवतो त्या उंचीवर मात्र विसंबू नका, ती आडव्या जागेपेक्षा जास्त चुकते.

फिजिक्समध्ये ही वजाबाकी कुठे लागते?

जिथे ‘बदल’ किंवा ‘सापेक्ष’ हा शब्द दिसेल तिथे. विस्थापन म्हणजे शेवटचा स्थान सदिश (आरंभबिंदूपासून त्या जागेपर्यंतचा) वजा सुरुवातीचा. सापेक्ष वेग म्हणजे एकाचा वेग वजा दुसऱ्याचा.

आता फवारणीचे ड्रोन वावरात दिसायला लागले आहेत, तेच घेऊ. जमिनीवरून पाहिलं तर ड्रोनचा वेग (४, १, १) मीटर प्रति सेकंद. वाऱ्याचा वेग (−२, ३, ०), म्हणजे वारा पश्चिमेकडे २ आणि उत्तरेकडे ३. हवेच्या सापेक्ष ड्रोनचा वेग :

(४ − (−२), १ − ३, १ − ०) = (६, −२, १)

जमिनीवरून दिसणारी चाल √१८, म्हणजे सुमारे ४.२. हवेतून प्रत्यक्ष चाललेली चाल √४१, म्हणजे सुमारे ६.४. बॅटरी लवकर का उतरते आणि वाऱ्याच्या दिवशी फवारणी का नको म्हणतात, हे या दोन आकड्यांत दिसतं.

तीन सदिश आणि आत कंस असेल तर?

आतला कंस आधी सोडवा. अ = (५, २, १), ब = (१, ४, −२), क = (३, ०, ६) घेतले तर अ − (ब − क) साठी आधी ब − क = (−२, ४, −८), मग अ मधून ते वजा करून (७, −२, ९). कंस न पाहता अ − ब − क केलं तर (१, −२, −३) येतं. दोन उत्तरांत फक्त वाय जुळतो, तोही क चा वाय शून्य आहे म्हणून.

आय, जे, के हीच अक्षरं का?

आयरिश गणितज्ञ विल्यम रोवन हॅमिल्टनमुळे. १६ ऑक्टोबर १८४३ रोजी डब्लिनमध्ये कालव्याच्या कडेने जाताना त्याला क्वाटर्नियनचं (चार भागांच्या एका प्रकारच्या संख्यांचं) सूत्र सुचलं आणि त्याने ते तिथल्या पुलाच्या दगडावर कोरलं. त्यातली आय, जे, के पुढे गिब्ज आणि हेविसाइड या शास्त्रज्ञांच्या सदिश गणितात राहिली. परीक्षेत हे विचारत नाहीत.

दहावी मराठीतून झाली, पुस्तक इंग्रजी. शब्दच कळत नाहीत.

शब्द थोडेच आहेत. व्हेक्टर म्हणजे सदिश, स्केलर म्हणजे अदिश, कंपोनंट म्हणजे घटक, मॅग्निट्यूड म्हणजे परिमाण, पोझिशन व्हेक्टर म्हणजे स्थान सदिश, ओरिजिन म्हणजे आरंभबिंदू. खरा घोटाळा शब्दक्रमाचा आहे. इंग्रजीत ‘सब्ट्रॅक्ट अ फ्रॉम ब’ असं आलं की पोरं अ आधी ऐकतात आणि अ − ब लिहितात. आपल्या भाषेत ‘ब मधून अ वजा करा’ असंच म्हणू ना? मग ब − अ. असं वाक्य दिसलं की आधी मराठीत बोलून घ्या.

उत्तर बरोबर आलं का, हे कसं तपासायचं?

उलटी बेरीज करा. निघालो त्या बिंदूत उत्तर मिळवलं की पोहोचलो तो बिंदू आला पाहिजे : (६, २०, −११) + (१२, −१६, १५) = (१८, ४, ४). दहा सेकंदांचं काम आहे. तीनही घटक शून्य आले तर (०, ०, ०) असं लिहा, नुसतं ० लिहू नका. सदिशांच्या वजाबाकीचं उत्तर सदिशच असतं.

सरावाला काही द्याल?

चार देतो, उत्तरं खाली आहेत, आधी बघू नका.

पहिलं : अ = (२, −३, ५), ब = (−१, ४, −२). अ पासून ब पर्यंतचा सदिश काढा.
दुसरं : (३ आय − ५ के) − (जे + के).
तिसरं : अ − ब = (४, ०, −३) आणि अ = (१, १, १). ब किती?
चौथं : उतारावरच्या कुंपणाच्या तीन खांबांची टोकं (१, २, ३), (३, ५, ९) आणि (७, ११, २१) वर आहेत. तिन्ही टोकं एका सरळ रेषेत आहेत का?

उत्तरं. पहिलं (−३, ७, −७). दुसरं (३, −१, −६); इथे −४ लिहिणाऱ्यांनी मायनसचा प्रश्न परत वाचावा. तिसरं (−३, १, ४), कारण ब = अ − (अ − ब). चौथ्यात पहिल्या खांबापासून दुसऱ्यापर्यंत (२, ३, ६) आणि दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत (४, ६, १२), म्हणजे बरोबर दुप्पट. दिशा एकच आणि मधला खांब दोन्हींत सामाईक, त्यामुळे टोकं एका रेषेत आहेत. पहिलं अंतर ७, दुसरं १४.